पेठेचे थोरले घर : इंदूरच्या राजवाड्याचा इतिहास व जीर्णोद्धार

व्यापारी संस्थेच्या स्मरणिकेत घराविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही. बाजारभाव, करांचे नियम, सभासदांची यादी, वर्षाचा अहवाल ही अशा ग्रंथाची नेहमीची सामग्री. परंतु आपल्या समाजातील व्यापार हा पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेत वाढला ती जागा बहुधा घरच होती. खाली ओटी व पेढी, आत माजघर व चौक, वर माडी आणि तळघरात मालाची कोठी, असे एकाच छपराखाली सारे नांदत असे. आज ही घरे एकेक करून पडत आहेत, विकली जात आहेत किंवा पाडून त्यांच्या जागी नव्या इमारती उठत आहेत. या वेळी आमच्या जुन्या पेठेतील सर्वांत वडीलधाऱ्या घराचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. ते घर म्हणजे इंदूरचा राजवाडा. तो राजाचा खरा. पण त्याच्या सावलीत सराफा, इतवारिया आणि भोवतालचे सारे बाजार वाढले, म्हणून त्याला पेठेचे थोरले घर म्हटल्यास कोणाचीही हरकत असू नये.

पेठ आधी, वाडा नंतर

इंदूरची गोष्ट राजापासून सुरू होत नाही, हे येथे प्रथम सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभी या भागातील मंडलोई जमीनदार घराण्याने खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठी वस्ती वाढविली व व्यापाऱ्यांना आश्रय दिला. दक्षिणेतून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या रस्त्यावर हे ठिकाण पडत असल्याने येथे उतारपेठ आपोआपच जमली. मराठ्यांचा माळव्यात अंमल बसू लागला आणि थोरल्या बाजीराव पेशव्यांनी सुभेदार मल्हारराव होळकर यांच्याकडे हा मुलूख सोपविला. वाहत्या पेठेशेजारीच मल्हाररावांनी आपला वाडा उभारावयास घेतला, तो १७४७ च्या सुमारास.

मल्हारराव १७६६ मध्ये निवर्तले. पुढे अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी नेली. १७९५ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत होळकरी राज्याचे सूत्र महेश्वराहून हलत होते. राजधानी नसतानाही इंदूरची पेठ ओस पडली नाही, उलट वाढतच गेली. या गोष्टीचे आम्हां व्यापाऱ्यांना विशेष कौतुक वाटावे. राजा दूर असताही न्याय आणि रस्ते सुरक्षित असले म्हणजे बाजार आपल्या पायांवर उभा राहतो, याचे ते उदाहरण होय.

वाड्याची रचना

राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. दर्शनी बाजूस उंच कमान, तिच्यात लोखंडी खिळे ठोकलेला भक्कम दरवाजा, वर एकावर एक सज्जे आणि खिडक्यांच्या ओळी. आत शिरताच मोठा चौक लागतो व त्याच्या भोवती ओवऱ्या व दालने. मराठी वाड्याची चौकाभोवतीची मांडणी आणि मोगल धाटणीच्या कमानी यांचा त्यात मेळ घातलेला आहे. दक्षिणेतून आलेले कारभारी, उत्तरेकडील कारागीर आणि माळव्याचा दगड, असे तिहेरी सहकार्य त्यामागे दिसते.

खाली दगड आणि वर लाकूड ही योजना दिखाव्यासाठी नाही. सात मजले दगडांनीच उभारावयाचे तर भिंती इतक्या जाड कराव्या लागतात की राहावयास जागाच उरत नाही. लाकूड वजनाला हलके, तुळयांच्या रूपाने ताण सोसणारे आणि सांध्यांत थोडी हालचाल होऊ देणारे. म्हणून वरचे मजले त्याचे. आपल्या पेठेतील दुमजली-तिमजली घरांतही हीच योजना लहान प्रमाणावर आढळते. जोते व खालच्या भिंती दगडाच्या किंवा भाजक्या विटांच्या, त्यांवर लाकडी खांब, तुळया व कडीपाट, आणि वर कौले. जी विद्या राजाच्या गवंड्याला अवगत होती तीच सराफ्यातील गवंड्यालाही होती.

आगी आणि उभारण्या

या वाड्याला आगीने अनेकदा गाठले. त्यांतील दोन प्रसंग विशेष मोठे.

पहिला प्रसंग १८०१ सालचा. यशवंतराव होळकर व दौलतराव शिंदे यांचा वैरभाव त्या वेळी विकोपाला गेला होता. यशवंतरावांच्या फौजेने उज्जैनीवर हल्ला चढविला. त्याचा सूड म्हणून ऑक्टोबर महिन्यात इंदूरजवळ होळकरांचा पराभव झाल्यावर शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी शहर लुटले व जाळले, आणि वाडाही त्यात सापडला. दोन मराठी सरदारांच्या भांडणात मोडली ती पेठ. आणि आगीत पेटली ती ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता अशांची दुकाने आणि घरे. पुढील कित्येक वर्षे माळव्यात पेंढाऱ्यांचा धुमाकूळ होता. वाडा त्या काळात पूर्वस्थितीवर येणे शक्यच नव्हते.

महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने त्याची बोलणी करणारे तात्या जोग पुढे दिवाण झाले. राजधानी इंदुरास आली आणि दुसरे मल्हारराव होळकर यांच्या कारकीर्दीत तात्या जोगांच्या देखरेखीखाली वाड्याची पुन्हा उभारणी झाली. शेजारचे गोपाळ मंदिर १८३२ मध्ये कृष्णाबाई होळकर यांनी बांधविले. शांतता लाभताच पेठ भराभर वाढली. अफू आणि कापूस यांच्या व्यापाराने माळव्यात पैसा खेळू लागला आणि दक्षिणी, गुजराती व मारवाडी अशा सर्व बाजूंनी सावकार, सराफ व आडते येथे येऊन स्थायिक झाले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचा इंदूरशी संबंध याच काळापासूनचा आहे.

दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारास खांडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. संस्थानिक कर्ज घेतात असे नेहमी ऐकू येते; येथे संस्थानिकाने सरकारला कर्ज दिले. सराफ्याच्या शेजारी वाडा असल्याचा हा गुण असावा, असे आमचे बुजुर्ग विनोदाने म्हणत. पुढे राजघराण्याचे वास्तव्य लालबाग व माणिकबाग या नव्या प्रासादांत गेले आणि जुना वाडा समारंभ, देवपूजा व दफ्तरे यांपुरता उरला. मालक दुसरीकडे राहावयास गेले म्हणजे घराची काय अवस्था होते ती राजवाड्यालाही चुकली नाही.

दुसरा मोठा प्रसंग १९८४ चा. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची ३१ ऑक्टोबर रोजी हत्या झाल्यानंतर देशात दंगली उसळल्या आणि निरपराध शीख बांधवांची घरे व दुकाने जाळली गेली. इंदूरही त्यातून सुटले नाही. त्या वणव्यात राजवाड्याचा मागील भाग भस्मसात झाला. दर्शनी भाग उभा राहिला, म्हणून दुरून पाहणाऱ्यास वाडा शाबूत वाटे. पण कमानीतून आत जाणाऱ्यास मागे जळक्या भिंतीच दिसत. १८०१ प्रमाणेच याही वेळी ज्यांनी काही केले नव्हते त्यांना आगीची झळ लागली. बाजाराच्या मधोमध जळलेले ते घर म्हणजे शेजारधर्म सुटला असता काय होते, याचा सर्वांना दिसणारा दाखला होता.

जीर्णोद्धार

मागील भाग सुमारे दोन तपे भग्नावस्थेत राहिला. २००६ मध्ये होळकर घराण्यातील उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने त्याच्या पुनरुभारणीस आरंभ झाला आणि २००७ मध्ये तेथे कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे मंदिर पुन्हा दर्शनास खुले झाले. या कामात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सिमेंटच्या खांबांचा सांगाडा उभारून त्यावर जुना मुखवटा चढविण्याचा सोपा मार्ग पत्करला नाही. वीट, चुना, दगड व लाकूड हे पूर्वीचेच साहित्य आणि पूर्वीचीच पद्धत वापरण्यात आली. त्यानंतर शहराच्या स्मार्ट सिटी योजनेतून दर्शनी भागाचीही दुरुस्ती झाली. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या निमित्ताने २० मे २०२५ रोजी मध्यप्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक याच वाड्यात भरली. जळून गेलेल्या घरात पुन्हा राज्यकारभाराची बैठक बसावी, हा जीर्णोद्धाराचा मोठाच सन्मान होय.

जुन्याच साहित्याचा हा आग्रह केवळ हौस नव्हे, त्यामागे व्यवहार आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विझवून बरेच दिवस मुरत ठेवावा लागतो. मग वाळू व विटांची सुरखी घालून तो घाणीत मळतात. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळ, मेथी, उडीद यांचे पाणी मिसळीत. हा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश कठीण होत जातो आणि कठीण झाला तरी त्यातून दमटपणा बाहेर पडू शकतो. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती उडून जाते. त्याच भिंतीवर सिमेंटचा लेप दिला म्हणजे ओल आत कोंडते, क्षार फुगतात, विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजू लागतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते, म्हणून घरधनी निश्चिंत असतो. आणि काही पावसाळ्यांनंतर तुळई खचते तेव्हा दोष घराच्या वयाला दिला जातो.

आपली घरे

राजवाड्यामागे राजघराणे होते, शासन होते, जनतेचे लक्ष होते. पेठेतील सामान्य व्यापाऱ्याच्या वाड्यामागे यांतील काहीच नसते. तेव्हा आपल्या घरांपुढील अडचणींचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिली अडचण वाटणीची. आजोबांच्या नावे असलेल्या घरात आज दहा-पंधरा वारस असतात. कोणी मुंबईस, कोणी हैदराबादेस, कोणी परदेशी. खोलीखोलीची वाटणी झालेली असते, पण छप्पर, चौक, जिना व मोरी यांची वाटणी झालेली नसते. म्हणून त्यांची दुरुस्ती कोणीच करीत नाही. आमच्या पाहण्यात आलेल्या कित्येक घरांचा नाश वाळवीने केला त्याहून अधिक या न वाटलेल्या छपराने केला आहे. दुकानाच्या भागीदारीत नफ्यातोट्याचा लेख आपण पहिल्याच दिवशी करतो. घराच्या बाबतीत मात्र सारे तोंडी चालते. वारसांनी एकत्र बसून छपराचा व सामाईक भागाचा खर्च कोणी किती सोसावा याचा कागद करावा, तो वकिलाकडून तपासून घ्यावा आणि दरसाल थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. एवढे झाले तरी निम्मे काम झाले असे समजावे.

दुसरी अडचण भाराची व आगीची. माडीचा कडीपाट माणसांच्या वावरासाठी केलेला असतो, पोत्यांच्या थप्प्यांसाठी आणि लोखंडी तिजोरीसाठी नव्हे. माल वाढला म्हणजे तो वर चढविण्याची आपली सवय तुळयांना वाकविते. त्याहून घातक म्हणजे जुन्या विजेच्या तारा. पन्नास वर्षांपूर्वी चार दिव्यांसाठी ओढलेल्या तारांवर आज वातानुकूलन यंत्रे चालतात. सुकलेले लाकूड, कापडाचे किंवा कागदाचे गठ्ठे आणि तापलेली तार यांची गाठ पडली की पुढचे सांगावयास नको. सराफ्यात रात्री दुकाने मिटल्यावर खाद्यपदार्थांची प्रसिद्ध चौपाटी भरते. तिच्या वैभवाबद्दल आम्हांसही अभिमान आहे. पण अरुंद गल्ली, लाकडी माड्या आणि चुलींचा गॅस यांचा मेळ डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. ज्या पेठेने आपले थोरले घर जळताना पाहिले आहे तिने तरी याकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी अडचण खर्चाची. चुन्याचे काम करणारे गवंडी आणि जुने सांधे जोडणारे सुतार आज थोडे उरले आहेत आणि त्यांची मजुरी अधिक आहे. चुना वाळावयास वेळ घेतो. पाडून नवे बांधल्यास मजले वाढतात, भाडे वाढते. हा हिशेब खोटा नाही. तथापि जीर्णोद्धार एकदम सगळा करावा लागत नाही, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. पहिल्या वर्षी कौले, पन्हळी व पाण्याचा निचरा. दुसऱ्या वर्षी विजेच्या तारा. तिसऱ्या वर्षी तुळया व खांब. शेवटी गिलावा व रंग. कुजलेल्या तुळईचे टोक तेवढे कापून तेथे नवे लाकूड सांधता येते; सारी तुळई फेकून द्यावी लागत नाही. बहुतेक घरधनी हा क्रम उलटा करतात. रंग आधी आणि छप्पर मागाहून, म्हणून पैसाही जातो व घरही जाते.

प्रत्येक जुने घर राखलेच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. पाया खचला असेल, भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, घरातील माणसांच्या जिवाला धोका असेल, तर ते उतरविणे हेच शहाणपण. रस्तारुंदीकरणात ज्यांच्या घरांचे दर्शनी भाग गेले त्यांच्यापुढे तर निवड उरलीच नव्हती. फक्त हा निर्णय जाणत्या अभियंत्याने घर पाहून द्यावा, घर घेण्यास टपलेल्या दलालाने नव्हे, एवढीच आमची विनंती. आणि उतरवावयाचे ठरलेच तर त्यापूर्वी घराचा नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, कोरीव खांब, चौकटी व दारे जपून उतरवावीत आणि माळ्यावरील जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. त्या वह्यांतून हुंड्यांचे व्यवहार, मालाचे भाव आणि गावोगावच्या आडत्यांची नावे सापडतात. ती एकदा गेली की कोणत्याही ग्रंथालयात मिळावयाची नाहीत.

पेठेतच, इतवारिया बाजारात, सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेले काच मंदिर आहे. आत भिंती, छत, खांब सर्वत्र काचेचे काम; परंतु बाहेरून पाहता ते सज्जांच्या एखाद्या जुन्या हवेलीसारखे दिसते आणि ओळीतील घरांत मिसळून जाते. एवढा मोठा धनिक, पण बांधताना त्याने बाजाराची ओळ मोडली नाही. भोवतालची घरे गेली आणि तेथे काचेचे व पत्र्याचे उंच दर्शनी भाग आले, तर मंदिर राहील, पण ती ओळ राहणार नाही. पेठ म्हणजे सुट्या इमारती नव्हेत. एकमेकींच्या भिंतींना भिंत लावून उभी राहिलेली घरे होत. एक घर बेफिकिरीने पाडले की शेजारच्या दोन घरांच्या भिंतींना तडे जातात, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

संस्थेपुढे एक सूचना

सभासदांच्या विचारासाठी आम्ही एक सूचना नम्रपणे मांडतो. पेठेत सभासदांची जी जुनी घरे आज उभी आहेत त्यांची एक नोंदवही संस्थेने करावी. घर कोणत्या गल्लीत, किती मजल्यांचे, कोणत्या साहित्याचे, छप्पर कसे, कागदपत्रे काय, इतकी माहिती पुरे. चुन्याचे गवंडी, जुने काम जाणणारे सुतार व अभियंते यांची नावे एकत्र मिळाली तर प्रत्येकाला वेगळी शोधाशोध करावी लागणार नाही. दोन-चार घरधन्यांनी एकाच मोसमात काम काढले तर कारागीर व साहित्य दोन्ही स्वस्त पडतील. घाऊक खरेदीचा लाभ व्यापाऱ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या कामास मोठा निधी लागत नाही. एका तरुण सभासदाचे काही रविवार आणि एक वही एवढे आरंभास पुरेसे आहे.

राजवाडा जळाल्यापासून पुन्हा उभा राहीपर्यंत सुमारे दोन तपे गेली. त्याच्या दगडी भिंती तितके दिवस तग धरून राहिल्या म्हणून जीर्णोद्धाराला काही आधार मिळाला. आपल्या कौलारू घरांच्या विटांच्या भिंती उघड्या छपराखाली दोन तपे टिकणार नाहीत. तीन-चार पावसाळेही कठीण. म्हणून ज्यांच्या घराचे छप्पर यंदा गळले त्यांनी पुढील आषाढाची वाट न पाहता उन्हाळ्यातच कौले चाळून घ्यावीत आणि भाऊबंदांना त्यासाठी आजच पत्रे घालावीत, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.